ब्याण्णव

एम.ए.ला सरांनी चिठ्ठ्या टाकून देश वाटले.
आश्लेषाला ब्राझील, मला लेसोथो.
घरी सांगितलं तर मामा म्हणाला,
"कुठल्या तालुक्यात आलं म्हणायचं ते?"

डोंगरातला देश. चारी बाजूंनी एकच दुसरा देश,
भावकीनं वेढलेल्या घरासारखा.
थंडीत पहाटे अंगाभोवती ब्लँकेट गुंडाळून
पोरी कारखान्याच्या फाटकावर उभ्या राहतात,
लांबच्या कुणाच्या तरी जीन्स शिवायला.
कधी आत घेतात, कधी नाही.
विद्यापीठाच्या लायब्ररीत पंख्याखाली बसून
मी त्यांची टक्केवारी काढली,
दशांशानंतर दोन आकडे.
सर म्हणाले, छान.

आता माझ्याकडे टॅब आहे, गळ्यात ओळखपत्र,
अकरा महिन्यांचं कंत्राट.
पेट्रोल माझं मी घालते.

हुपरीत दुपारी रस्त्यावर माणूस नसतं,
पण दारादारातून बारीक किणकिण येत राहते,
जणू आख्खी गल्ली पायात पैंजण घालून
एका जागी बसलीय.

त्रिशला मगदूम, वय तेवीस, बी.कॉम.
सोप्यात पाट टाकून, मांडीवर पांढरं फडकं,
हातात चिमटा.
कडीत कडी, कडीत कडी,
तिळाएवढं घुंगरू,
परत कडी.

"काय काम करता?"
आतनं सासूचा आवाज आला,
"काय न्हाई ओ. घरातच असती."
तिनं मान वर केली नाही.
कडीत कडी.

पुढचा प्रश्न वाचावाच लागतो, म्हणून वाचला:
गेल्या सात दिवसांत
निदान एक तास तरी काम केलंत का?
"एक तास?"
ती इतकी हसली की फडक्यावरची घुंगरं सांडली,
मग दोघी मिळून फरशीवर वेचत बसलो.
"मजुरी?"
"मामांच्या वहीत."
"तुमच्या हातात किती येते?"
तिनं हात उलटे करून पाहिले,
मला दाखवले.
चांदी पांढरी असते. बोटं काळी करते.

एकवीस म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदत.
ब्याण्णव म्हणजे नुसतं घरकाम.
माझं बोट दोन्हींच्या मधे.
सासू पदराला हात पुसत बाहेर आली,
"काम करती म्हणून लिवू नगासा बाई,
रेशन बंद झालं म्हंजे?"
आणि मला चहा दिला. साखर जास्त.

निघताना त्रिशलानं विचारलं,
"आणि तुमचं काय लिवत्यात?"

मला कुणी विचारायलाच आलं नाही अजून.
आलं तर दारात आई असेल.
शेजारणींना सांगते तेच सांगेल:
फिरती आपली गाडीवरनं, लग्न जमंस्तवर.

पट्टणकोडोलीच्या अलीकडं, उसाच्या ट्रॉलीमागं थांबले
तर ओढणीत काहीतरी चमकलं.
एक कडी.
एवढीशी, की फुंकर मारली तरी जाईल.

मासेरूत कुणाच्या तरी बाहीला
असाच सुताचा तुकडा चिकटून घरापर्यंत जात असेल.
कुठल्या रकान्यात बसला असता तो,
तेव्हा सुचलं नव्हतं.

संध्याकाळी माल काट्यावर जाईल.
वजनात एका कडीची घट निघेल.
वही मामांची, मजुरी मामांची,
घट तेवढी
तिच्या नावावर लिहितात.

ट्रॉली हलली. मागचे हॉर्न वाजवू लागले.
मी कडी ओळखपत्राच्या प्लास्टिकमध्ये,
माझ्या फोटोवर सरकवली
आणि गाडी हुपरीकडं वळवली.
पिशवीत टॅब अजून विचारतोय:
नोंद अपूर्ण आहे. बाहेर पडायचं?